बदामाची सत्ती

गडबच्या त्या घरात गौरीजेवणाच्या दुपारी बायकांचा रमीचा एकच डाव बसतो. जी शो करेल तिला संध्याकाळी चुलीपासून सुट्टी. ती माहेरी गेली तरी कुणी नावं ठेवत नाही. ही चाल सासूने, हौसाबाईंनीच पाडलेली.

धाकट्या सुनेला, भूमिकेला, त्या वर्षी जायचंच होतं. तिची लेक किमया रोह्याजवळ वरसेला आजीकडे, भूमिकेच्या माहेरी, राहून शिकायची. सणाला येणार होती, पण ताप भरला आणि आजीने ठेवून घेतलं. सकाळी भूमिकेने नवऱ्याला विचारलं. मखराच्या वायरी जोडता जोडता प्रविण म्हणाला, "आईला विचार."

"तीस माणसा येणार हायत," हौसाबाई म्हणाल्या. "डाव जिंक नि जा. मी कवा कुणाला अडवलाय?"

भूमिका बी.एस्सी. झालेली. लग्नाआधी धाटावच्या एका कंपनीत, लॅबमध्ये शिफ्ट करायची. गडबला आल्यावर रोज सोडायचं-आणायचं कुणी यावर बोलणी झाली आणि बोलण्यातच नोकरी गेली. पत्ते ती सासरीच शिकली. इतकी वर्षं हरायची आणि हसत वडे थापायला उठायची.

त्या दुपारी मात्र हात लागत गेला. जोकर म्हणून सत्ती निघाली होती. तिच्याकडे बदामाची छक्की, सत्ती, अठ्ठी आली. सत्ती जोकर असली तरी बदामात आपल्याच जागी बसली होती, म्हणजे प्युअर, जोकर न वापरता लागलेली ओळ. बाकीचंही जुळलं. तिने शेवटचं पान मधल्या ढिगावर पालथं टाकलं आणि तेरा पानं सतरंजीवर ओळीने मांडली. प्युअर सगळ्यात आधी, सगळ्यांना दिसेल अशी.

"शो."

थोरली जाऊ मालू वाकून बघायला लागली. हौसाबाईंनी चष्मा वर केला.

"ह्यो काय गो? जोकर घालून प्युअर?"

"आई, ती तिच्याच जागी आहे. गेल्या वर्षी मालूताईंनी असाच शो केला होता. तुम्हीच बरोबर म्हणालात."

"शिकलेली ना तू! आता मला रमी शिकव." हौसाबाईंनी तळहात फिरवला आणि मांडलेली पानं ढिगात ओढली. "राँग शो."

मांडलेल्या पानांना सगळ्यांचं बघून होईपर्यंत दुसऱ्याने बोट लावायचं नाही, हा त्या घरातला पहिला नियम. चिडणाऱ्या पोरांच्या हातावर हौसाबाईच चापट मारून तो शिकवायच्या.

भूमिकेने मालूकडे पाहिलं. मालूने आपली पानं गोळा केली.

"मला काय म्हायती गो, मी नीट बघितलाच नाय." मग उठता उठता जरा हळू म्हणाली, "तू गेलीस तर तीस माणसांचा मी एकटी करू व्हय?"

तेवढं एक खरं होतं. त्यामुळेच भूमिकेला तिच्यावर धड रागावताही येईना. प्रविण दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "उद्या जा ना," म्हणाला आणि गॅसची टाकी आणायला गेला.

वड्यांचं पीठ मळायला घेतलं तोच फोन वाजला. भूमिकेने कोपराने तो स्पीकरवर टाकला.

"आई, जिंकलीस?"

मागे हौसाबाई नारळ खवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नाही गं. पानंच वाईट आली."

खवणी पुन्हा सुरू झाली.

"बरं," किमया म्हणाली. "आजी आहे."

दुसऱ्या दिवशी विसर्जनाची गर्दी होती, जाणं झालं नाही. ताप आपोआप उतरला. पण किमयाने त्यानंतर आईला कधी ये म्हटलं नाही. गेल्या महिन्यात ती शाळेत चक्कर येऊन पडली, टाके पडले. भूमिकेला ते कळलं तेव्हा टाके काढूनही झाले होते.