एक्केचाळीस दिवसांचा टोमॅटो

जावयाच्या पट्ट्याला नवं भोक पडलं, तेव्हापासून आईच्या जिवाला चैन नव्हतं. भोक त्यानेच पाडलं होतं, खिळा आणि बत्ता घेऊन, कारण पँट कमरेवर राहीना. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "बारीक झालाय, बरं दिसतंय की." पण सासूच्या डोळ्यांना बारीक झालेला जावई कधी बरा दिसलाय?

तसा माणूस सोन्यासारखा. बिस्किटं, सॉस वगैरेंची वेष्टनं छापणाऱ्या छापखान्यात तो मुद्रितशोधक. पाकिटाच्या पाठीवर मुंगीच्या पावलांसारखी जी अक्षरं असतात, ती वाचणारा बहुधा तो एकटाच. सहा वर्षांपूर्वी एका सॉसच्या लेबलावर 'कृत्रिम रंग वापरलेले नाहीत' ऐवजी 'कृत्रिम रंग वापरलेले आहेत' असं छापलं गेलं आणि ते त्याच्या नजरेतून निसटलं. चाळीस हजार बाटल्या बाजारात गेल्या. नोकरी जाणार म्हणून तो महिनाभर धास्तावलेला. गिऱ्हाइकाची एकही तक्रार आली नाही. फक्त सॉसच्या कारखान्यातून एकाचा फोन आला, तोही दबक्या आवाजात: "तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

नोकरी वाचली, पण माणूस हादरला. तेव्हापासून गळ्यात भिंग. छापखान्यात सगळे त्याला भिंगभाऊ म्हणू लागले.

पाकिटांवरून त्याचा संशय भाजीवर गेला, कारण भाजीला तर लेबलच नसतं.

"इतका गुळगुळीत टोमॅटो असतो का कुठे?" तो एकदा जेवताना म्हणाला. "जनुकं बदलली असणार यात. माशाचीसुद्धा घालतात म्हणे."

"मग आज मासे केलेत असं समज आणि जेव," लेक म्हणाली.

आईने कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलेलं. तिने बोलायला तोंड उघडलं, मग जावयाकडे बघून त्यात घास घातला.

गुडघ्याच्या उपचारांसाठी ती दीड महिना लेकीकडे राहिली होती. दोघं कामावर गेली की स्वयंपाकघर तिच्या ताब्यात. खिडकीत एका बशीत नेहमी एक टोमॅटो असायचा. जुनं आधी संपवायचं, ही तिची आयुष्यभराची शिस्त. चार-पाच दिवसांनी तो जरा नरम लागला की सूपमध्ये जायचा आणि बशीत टोपलीतला ताजा यायचा. बशीला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, पण अक्षरं इतकी बारीक, की तिला वाटलं दुकानाचं काहीतरी असेल.

जावई रोज सकाळी भिंगातून टोमॅटो न्याहाळायचा आणि वहीत काहीबाही टिपायचा. सवय बिचाऱ्याला, म्हणून ती गप्प बसायची. तीन आठवड्यांनी त्याने टोमॅटो सोडला. मग वांगी, मग बाजारची सगळीच भाजी. शेवटी शेळीसारखा स्वतःच्या कुंड्यांतला पाला खाऊ लागला.

"अहो, असं काय करता? अंगात काही राहिलं नाही तुमच्या," तिने विचारून पाहिलं.

"पुरावा पक्का होऊ द्या आई, मग सगळं सांगतो."

काल ती आपल्या घरी परतली आणि आज दुपारी लेकीचा फोन आला. "आई, रविवारी हा इमारतीच्या सभेत भाषण करणार आहे. छापखान्याच्या मालकांनाही बोलावलंय. एक्केचाळीस दिवस झाले, म्हणतो, टोमॅटो सडतच नाही. थांब, फोटो पाठवते."

आईने चष्मा लावला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'प्रयोग चालू आहे. कृपया हात लावू नये.' सवयीने, पाकिटाच्या पाठीवरच्या मापात.

तिने बोटांवर दिवस मोजले.

गप्प बसणं सोपं होतं. परवाच तर बदललेला, रविवारपर्यंत सहज टिकला असता. पण मग टाळ्या पडणार आणि जावई जन्मभर पाला खाणार. नाही टिकला, तर मालकांसमोर नाक कापलं जाणार. शिवाय पाकिटांची पाठ कुणीतरी वाचायला हवीच होती, हे तिलाही पटत होतं. अशा माणसाचं पहिलंच भाषण सासूच्या काटकसरीवर उभं राहावं, हे काही बरं नव्हे.

लेकीला सांगावं, तर ती हसून लोळणार आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना कळवणार. तेव्हा थेट जावयालाच. त्याची जेवणाची सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. तिने घसा साफ केला, पहिलं वाक्य दोनदा पुटपुटून पाहिलं आणि त्याचा नंबर काढला.

"अहो, रागावू नका, पण तो टोमॅटो तुम्ही चार वेळा खाल्लाय."