दगडांपलीकडे हातभर

२ जून. रोबो दरवेळी सोडून जातो तो हातभर पट्टा आज विळ्यानं कापायला बसले आणि ओल्या गवताच्या वासानं तीन वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं. बंगल्याची वाटणी झाली तेव्हा मधल्या हिरवळीत कुंपण घातलं नव्हतं, हद्दीचे दोन दगड तेवढे रोवले होते. धाकट्या दिरांनी गवत कापणारा रोबो आणला आणि त्याला हद्द कळावी म्हणून आपल्या भागाभोवती तार पुरली. पण रोबो जागचा हलेना; तार तुटल्याचा लाल दिवा लागला. "वैनी, तुमच्या खुरप्यानं तुटली की! मुद्दाम केलासा!" ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. मी गुडघ्यांवर बसून तार उकरत गेले. ती माझ्या अबोलीच्या वाफ्यात तुटली होती, दगडांच्या रेषेपासून हातभर आत. "भावजी, खुरपं माझंच. पण तुमची तार हितं काय करतीया? कोडोलीच्या शेतात बांध कोरून भागलं न्हाय व्हय?" "मशीनला वळायला जागा लागती," ते म्हणाले आणि चहाला आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी ती तार उपसली, जोडली आणि दगडांपलीकडे, त्यांच्या बाजूला हातभर आत पुरली. रोबो मुकाट सुरू झाला आणि बरोबर तिथूनच वळला.