वकीलसाहेबांची काडतुसं

जठारपेठेतले ते वकील झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरायचे आणि रानडुकरं मारायला मळेवाल्यांना वाटायचे. बार झाला की पुंगळी लांबते. तिचं तोंड कानशीनं घासलं नाही, तर ते गोळीला आवळून धरतं आणि दाब भलताच चढतो. मी हे सांगितलं की मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे, "केसभरानं काय होते बे? काहून भिऊन राहिला?" त्या बोटाचीच मला चीड यायची.

त्यांनीच भरून दिलेल्या काडतुसानं माझ्या मावसभावाची रायफल मागून फुटली. डोळा गेला. जाब विचारायला गेलो, तेव्हा ते डेप्युटी कमिशनरबरोबर शिकारीला निघाले होते. "त्याले बंदूक धरता येत नाही," म्हणाले. त्यांच्या कमरपट्ट्यात घरी भरलेलं एकही काडतूस नव्हतं. सगळी दुकानातली, कोरी करकरीत.