हेड नसलेलं पाणी

"आधी पाणी घ्या भाऊसाहेब, मंग बोलू."

कार्यालयात आलेल्या माणसानं आम्हालाच पाणी पाजायचं, ही उलटी रीत मावशींनी पाडली. पिशवीतून बाटली काढायची, झाकणात पाणी ओतून पुढं करायचं आणि आपण ते पिईपर्यंत कामाचा विषय काढायचा नाही. सरकारी कार्यालयातला माठ तुम्हीही पाहिला असेल. त्यापुढं मावशींचं पाणी खरोखर गोड लागायचं.

मी माहूरला पंचायत समितीत लिपिक. मावशींचं गाव डोंगराखाली. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. पोरांचे दात तपकिरी आणि चाळिशीतली माणसं कमरेत वाकलेली. परदेशातल्या एका संस्थेच्या मदतीतून गावात पाणी शुद्ध करणारं मशीन बसलं आणि बचत गटाच्या अध्यक्ष म्हणून मावशींना ते चालवायला शिकवलं. चौथी शिकलेली बाई, पण मशीनचा आवाज बदलला की अर्ध्या वाटेवरून ओळखायची. "आज लई गुरगुरून राहिलंय," असं दारच्या म्हशीबद्दल सांगावं तसं सांगायच्या.

एवढा जीव लावायचं कारण होतं त्यांची नात. लेक बाळंतपणात गेली, पोरगी आजीजवळ राहिली. मशीन आलं तेव्हा ती रांगत होती. "हिचे पाय सरळ राहिले म्हंजी झालं माझं. मला दुसरं काय बी नगं," असं त्या येता-जाता म्हणायच्या.

चारेक वर्षं मशीन नीट चाललं. मग आतला दाणा संपला. फ्लोराइड धरून ठेवणारा तो पांढरा दाणा ठरावीक काळानं बदलावा लागतो. संस्थेचा प्रकल्प तोवर संपला होता, नांदेडातलं तिचं ऑफिसही बंद झालं होतं. मावशी अर्ज घेऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या. मी अर्ज वाचला आणि आम्ही लोक जे बोलतो तेच बोललो, "मावशी, याला हेड नाही."

सरकारात कोणताही खर्च कुठल्या तरी नावाखालीच टाकावा लागतो, त्या नावाला आम्ही हेड म्हणतो. नाव नसेल तर तिजोरीत पैसा असून उपयोग नाही. मावशींना हे कुठून ठाऊक असणार?

"हेड न्हाई? रजेवर गेले का? मंग त्यांच्या खालचं कोण हाय ते सांगा, त्यांना भेटते."

सगळं कार्यालय हसलं. मीही पोट धरून हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मावशी थेट नांदेडला गेल्या. जिल्हा परिषदेच्या सगळ्या मजल्यांवर हेडची चौकशी करून आल्या. "तिथं बी हेड न्हाई म्हणून राहिले. येवढ्या मोठ्या हापिसात एक बी हजर न्हाई?" मग मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी पाणी हाय, मशीन हाय, पिणारी माणसं हायत. निस्तं नाव न्हाई."

"हाव," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी शासनाची नवी योजना आली. नवीन मशीन मिळणार होतं, दाणा पुरवायची जबाबदारी ठेकेदाराची. मीच उत्साहानं निरोप धाडला. मावशी पेढे घेऊन आल्या. यादी उघडली तर त्यांच्या गावापुढं शेरा होता: यापूर्वी लाभ दिलेला आहे. ज्या गावात मशीन नव्हतं त्याला मिळालं. ज्या गावात बंद पडलेलं होतं ते सरकारच्या हिशेबी पाणी पिऊन तृप्त होतं. पेढे कुणीच खाल्ले नाहीत.

तरी त्या येतच राहिल्या. दर सोमवारी एक अर्ज. आमचे साहेब वैतागले. "ती संस्थेची फाइल काढा," म्हणाले, "कुणाची जबाबदारी आहे ते एकदा कळू द्या." मी फाइल काढली. त्यात चार पानांचा इंग्रजी कागद होता. प्रकल्प संपताना मशीन गावाच्या ताब्यात दिलं, आणि यापुढची दुरुस्ती, दाणा, सगळा खर्च गाव स्वतः करील, असं त्यात लिहिलं होतं. खाली मावशींची सही.

ती सही करताना मी तिथं होतो. मंडप घातला होता, नारळ फोडला होता, गोरे पाहुणे टाळ्या वाजवत होते. "काय लिवलंय, भाऊसाहेब?" मावशींनी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "मशीन तुमचं झालं, असं लिहिलंय. इथं सही करा." मीच बोट ठेवून जागा दाखवली. मी तो कागद वाचला नव्हता. चार पानं कोण वाचतं?

हे मी मावशींना सांगितलं. न सांगता भागलं असतं, पण सांगितलं. त्यांनी कागदावरची आपली सही बराच वेळ पाहिली.

"अक्षर चांगलं आलंय माझं," एवढंच म्हणाल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर सोमवार रिकामे जाऊ लागले. बाहेरून दाणा विकत आणता येईल का, वर्गणी करता येईल का, असं मी एकदोनदा ठरवलं आणि सोडून दिलं. आपण ठरवतो तसंच.

गेल्या उन्हाळ्यात मावशी शेवटच्या आल्या. आमचं कार्यालय वरच्या मजल्यावर. नात दहा वर्षांची, आणि तिला कडेवर घेऊन त्या जिना चढून आल्या. पोरीला खुर्चीवर ठेवलं. तिचे गुडघे एकमेकांना टेकले होते आणि पावलं दोन दिशांना गेली होती. मावशींना दिव्यांगाच्या पगाराचा, म्हणजे दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, फॉर्म हवा होता.

मी फॉर्म भरला. दवाखान्याचा दाखला त्यांनी आधीच आणला होता. एकही त्रुटी निघाली नाही, कुणी परत पाठवलं नाही, कुणाच्या पाया पडावं लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मंजुरी आली. माझ्या नोकरीत इतकं झटपट काम मी पाहिलेलं नाही.

मंजुरीचं पत्र न्यायला मावशी आल्या नाहीत. मी ते टपालानं पाठवून दिलं.