कणीक मळली की छातीत दुखतं

ट्रेडमिलचा पट्टा थांबला तेव्हा परबबाईंना धड धापही लागली नव्हती. साडी वर खोचलेली, पायात सुनेचे कॅनव्हासचे बूट. ईसीजीचा कागद मी दोनदा पाहिला. एकदम स्वच्छ.

"काही नाही ना?" सून नीलिमाने विचारलं. आवाजात काळजी होती, आणि थोडी सरशीही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात मी हृदयरोगाची ओपीडी बघत असे. परबबाई साठीच्या, आणि त्यांची बायपास होऊन बराच काळ लोटला होता. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की तिला वळसा घालून दुसरी नळी जोडतात. ही जोडलेली नळी म्हणजे ग्राफ्ट. बायपास झाली की लोकांना वाटतं, आता जन्माची काळजी मिटली. तसं नसतं. ग्राफ्टही बुजू शकते. म्हणून अशा पेशंटच्या छातीत पुन्हा दुखू लागलं की आम्ही आधी एवढंच बघतो, ग्राफ्ट उघडी आहे की बंद?

परबबाईंचं दुखणं मात्र चमत्कारिक होतं. तीन जिने चढताना काही नाही. मार्केटात फेरी मारताना काही नाही. सकाळी कणीक मळायला घेतली, की थोड्या वेळात छाती आवळून येई.

"मॅडम, मला सातला बँकेत जायला निघावं लागतं," नीलिमा म्हणाली. "घरात तीन डबे. नेमकी तेव्हाच यांना कळ येते. भिशीला जाताना नाही येत कधी."

"मी मुद्दाम करते का गं?"

"असं मी कुठे म्हटलं, आई?"

म्हटलं होतं तिने, घरी, बरेचदा. परबबाईंचा चेहराच सांगत होता. पण नीलिमा वाईट नव्हती. ऑपरेशननंतर सासूचं सगळं अंथरुणात तिनेच केलं होतं, आणि आता ती थकली होती. मीही त्या काळात एका घरची सूनच होते. माझा कल कुणाकडे होता ते वेगळं सांगायला नको.

आमच्या सरांना मी कागद दाखवला. सर म्हणजे डिपार्टमेंटचे हेड, माणूस हुशार आणि कायम घाईत.

"अगं, ग्राफ्ट ठणठणीत आहे," ते उभ्या उभ्या म्हणाले. "बाई एवढी चालली ना पट्ट्यावर? मग? टेन्शन आहे घरचं. हलकी झोपेची गोळी दे आणि पाठव."

गोळी लिहायला मी पेन उघडलंही. परबबाई समोर नुसत्या बसून होत्या. भांडत नव्हत्या. म्हणाल्या, "मॅडम, माझ्यावर उपचार नका करू हवं तर. पण हिला सांगा, मी नाटक करत नाही."

मी पेन मिटलं. "कशी मळता, दाखवा बरं."

त्यांनी डाव्या हाताची मूठ टेबलावर दाबली.

"डावऱ्या आहात?"

"हो. जेवायचा हात लहानपणी फटके देऊन बदलला. मळायचा कुणी बदलला नाही."

मी त्यांची दोन्ही मनगटं धरली. उजवी नाडी छान उडत होती. डावी शोधावी लागली. मग दोन्ही हातांचं बीपी घेतलं. डावीकडचं पुष्कळच कमी. आजवर ते कुणाला दिसलं नव्हतं, कारण ओपीडीत पेशंटचं स्टूल अशा बाजूला असे की बीपीचा पट्टा नेहमी उजव्याच हाताला बांधला जाई.

कँटीनमधून मी परात आणि पीठ मागवलं. जिभेखाली ठेवायची गोळी तयार ठेवली, शॉक द्यायचं मशीन शेजारी ओढलं, आणि ईसीजीच्या तारा हातांऐवजी छातीपोटावर चिकटवल्या. परबबाई जमिनीवर परात घेऊन बसल्या. एवढ्यात सर डोकावले.

"काय चाललंय? चकल्या?"

"टेस्ट, सर."

ते दारातच थांबले. परबबाई मळत होत्या. पीठ गोळा झालं, आणि त्यांचा हात मंदावला. कपाळावर घाम आला. "आली," त्या म्हणाल्या. मी हात थांबवायला लावून कागद काढला. जी रेघ ट्रेडमिलवर सरळ होती ती आता खाली बसली होती. हृदयाला रक्त कमी पडतंय याची ती खूण. सरांनी कागद हातात घेतला आणि स्वतःच गोळी पुढे केली.

नीलिमा कागदाकडे बघतच नव्हती. ती सासूजवळ खाली बसली आणि त्यांच्या बोटांना चिकटलेली कणीक एकेक करून काढू लागली. "आई, तुम्ही आधी का नाही..." एवढंच म्हणाली. आधी काय, त्या रोज सकाळी सांगतच होत्या.

झालं होतं ते असं. बायपासला बहुतेक वेळा पायातली शीर वापरत. परबबाईंच्या सर्जनने छातीच्या आतली धमनी वापरली होती. ती टिकायला चांगली, पण तिचं वरचं टोक डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीलाच जोडलेलं असतं. ती मोठी वाहिनी उगमापाशीच, त्या जोडाच्याही आधी, अरुंद झाली होती. हात स्वस्थ असला की हात आणि हृदय दोघांना रक्त पुरे. हाताने जोर लावला, की तो हृदयाच्या वाटचं रक्त उलटं ओढून घेई. चाळीत खालच्या मजल्याने पंप लावला की वरचा नळ फुसफुसतो, तसं. पाइप फुटलेला नसतो, बुजलेलाही नसतो.

अँजिओग्राफीत तेच दिसलं. सर मला म्हणाले, "ग्राफ्ट उघडी आहे, हे मी सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. मानेतल्या वाहिनीपासून हाताच्या वाहिनीपर्यंत एक छोटी नळी जोडायचं ऑपरेशन झालं, आणि परबबाईंची डावी नाडी उजवीसारखी उडू लागली.

तेव्हापासून मी बायपासच्या प्रत्येक पेशंटचं बीपी दोन्ही हातांचं घेते. मिनिटभर जास्त लागतं. आणि टेस्ट चांगली आली म्हणजे पेशंट खोटं बोलतोय असं होत नाही, हे मी ज्युनिअर्सना सांगते. ते मान डोलावतात.

काही महिन्यांनी परबबाई एकट्याच तपासायला आल्या. सगळं उत्तम होतं.

"मग, मळता की नाही आता कणीक?"

"कसली मळतेय! परातीला हात लावू देत नाही ती. स्वतः पहाटे उठते. पोळ्या अशा करते की कातरीने कापाव्यात. मी म्हणते, बाई गं, मी बरी आहे, सरक. तर म्हणते, आई, तुम्हाला दुखतंय, माझ्यासाठी लपवताय." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "दुखतं म्हटलं तेव्हा खोटं वाटलं. आता दुखत नाही म्हणते, तर तेही खोटं. मॅडम, माझं खरं वाटणार तरी कधी त्या घरात?"

त्यावर मात्र माझ्याकडे टेस्ट नव्हती.