बिळातली सरकी

गव्हाणीतून भिजल्या सरकीचा वास आला, की मला शेताच्या धुऱ्यावरचं उंदरांचं ते बीळ आठवतं. कापूस विलायतेला जाऊ लागला, भाव चढला, आणि एका साली गावात साऱ्यांनी ज्वारी सोडून कापूसच पेरला. दरसाल आम्ही बिळात गोवऱ्यांचा धूर सोडून दुसऱ्या तोंडाशी मडक्यात उंदीर धरायचो, मग बीळ खणून त्यांनी चोरलेली कणसं टोपलीभर काढायचो. त्या साली बिळात एकही कणीस नव्हतं, नुसती सरकी निघाली. बाप हसला, "उंदीरबी कापूसवाले झाले!" माय हसली नाही. पांढऱ्याशुभ्र शिवाराकडे पाहत ती हळूच म्हणाली, "त्यायले सरकी चालते. लेकरायनं काय खावं?" आता म्हातारपणीही तो वास नाकात शिरला, की मी उठून आधी ज्वारीच्या कणगीत हात घालते.