निळा दोरा

सुमनला जाऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हा धुळ्याच्या कॉलेजातून सरांचा फोन आला. "नाना, तुमच्या युनिटचा दोरा तुटतोय." बायको गेल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं. कळवून काय करणार होतो?

दोरा म्हणजे शाईचा. मी चौथी शिकलेला फिटर, जळगावात माझी शेड आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांना नळीतून पाणी कसं जातं ते दाखवायचं युनिट सरांनी माझ्याकडून बनवून घेतलं. वर टाकी, खाली आडवी काचेची नळी, नळीच्या तोंडाशी इंजेक्शनची सुई. कॉक जरासा उघडला की सुईतून निळी शाई निघते, आणि पाणी शांत असेल तर नळीभर दोऱ्यासारखी सरळ जाते. जरा धक्का लागला की विस्कटली. ती शाई सुमन करायची, कपड्यांची नीळ कालवून, फडक्यातून गाळून. दोरा धरला की मलाच दटावायची, "बोलू नका हो, दोरा तुटी जाई." आणि स्वतःच खोकायची. दोन बारके ठसके, थांबून एक मोठा. दोरा तुटायचा. मी ओरडायचो, "बाहेर जाऊन खोक!" ती म्हणायची, "माले काय व्हयनं? नुसता ठसका शे." पुढं पुढं पदराचा बोळा तोंडात धरून बसू लागली. खोकला ऐकू येईना. मला वाटलं, गेला... युनिट पोचवायच्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसून ती टेम्पोपाशी उभी. मी म्हणालो, "तू नको. सरांसमोर खोकशील." ती पातळ बदलायला आत गेली. नंतर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तेव्हा फुप्फुसात काही उरलं नव्हतं.

फोन आला तसा धुळ्याला गेलो. भर दुपार, कॉलेजला सुट्टी, लॅबमध्ये मी आणि सर. पंखे बंद, पंप बंद. टाकी पाहिली, सुई पाहिली, स्टँड हलवून पाहिला. कुठं दोष नाही. कॉक उघडला. दोरा सरळ निघाला... मधेच थरथरला. पुन्हा थरथरला. थांबला. आणि मग पार विस्कटला.

"रोज असंच," सर म्हणाले. "दोन बारीक, एक मोठा. काय आहे हो हे?"

मी कॉक बंद केला. "युनिटात काही नाही, सर. राहू द्या तसंच."

शेडमध्ये जास्तीची नळी आहे, तशीच टाकी-सुई लावलेली, सुमनच्या स्टुलासमोर. रोज सकाळी नीळ कालवतो, कॉक उघडतो, दम धरून बसतो. दोरा या टोकापासून त्या टोकाला सरळ जातो, केसभर हलत नाही. तासभर पाहतो. मग म्हणतो, "खोक ना गं..." माझ्या बोलण्यानं तेवढा हलतो, आणि पुन्हा सरळ होतो.